तिसऱ्या बैलाचं तेल

इंजिन हललं नाही.

दस्तगीर मिस्त्रीने हँडल अडकवलं, पाय रोवले आणि दातओठ खाऊन जोर केला. दोन गडी चाकाला लोंबकळले. शेवटी सोमलिंगने नव्या धोतराचा काचा मारला आणि तोही भिडला. पण छातीएवढं ते लोखंडी चाक तसूभर सरकेल तर शपथ. विभूतीची बोटं ओढलेलं, कण्हेरीचा हार घातलेलं ते धूड सगळ्यांच्या तोंडावर ढिम्म उभं राहिलं.

जळकोटच्या पेठेत त्या सकाळी साठेक माणसं तरी जमली असतील. मठातून स्वामी आले होते, नारळ फुटला होता, गूळखोबरं वाटून झालं होतं. लढाई सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि बैलाविना फिरणारा घाणा या पंचक्रोशीत अजून कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. मागे कुणीतरी खुसकन हसलं. मग एकेक मान वळू लागली आणि साऱ्या नजरा शेडाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणिकप्पावर येऊन थांबल्या.

थांबणारच. दोन महिने हा मनुष्य गावभर सांगत फिरला होता की, धाकट्या भावाने घरात भूत आणलंय, त्याच्या तेलाला जळका वास येणार, बैलाच्या संथ चालीशिवाय करडी आपलं मन मोकळं करत नाही. आता भूत बसलं होतं. माणिकप्पाने खरं तर मिशीवर ताव द्यायचा. पण त्याचा हात मिशीकडे गेलाच नाही. कारण आदल्या दिवशी जेवताना सोमलिंगने ताटावरची नजर न उचलता सांगून टाकलं होतं, की इंजिन इथं चाललं तर मी इथं, नाही चाललं तर ते आणि मी सोलापुरात. बैलामागे आता फिरणं नाही.

सोलापूर या शब्दाने माणिकप्पाची झोप एकदा पाच वर्षं उडवली होती. बाप गेला तेव्हा सोमलिंग तीन वर्षांचा होता आणि माणिकप्पा लग्न झालेला बाप्या. त्याच्या बायकोने, लक्ष्मम्माने, दिराला पोटच्या पोरासारखं वाढवलं. पोटचं कधी झालंच नाही. तोच सोमलिंग एकोणिसाव्या वर्षी कुणाला न सांगता निजामाच्या नाक्यापलीकडे इंग्रजी मुलखात गेला आणि गिरणीत लागला. परतला तो बायको घेऊन, आणि कानात गिरणीचा आवाज घेऊन. एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा सहज जातो, हे माणिकप्पाला कळत होतं.

आणि इंजिन तरी काही आभाळातून पडलं नव्हतं. हैदराबादहून सोलापूरला जाणाऱ्या सडकेवर लॉऱ्या वाढल्या, तसे गिरणीच्या तेलाचे डबे जळकोटात उतरू लागले. घाण्याचा बैल पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत गोल फिरून जेवढं तेल काढी, तेवढं एका डब्यात बसून येई, आणि तेही स्वस्त. आधी हॉटेलवाले गेले, मग लग्नकार्याची गिऱ्हाइकं गेली. राहिली ती देवाच्या दिव्याची आणि म्हाताऱ्यांच्या सांध्यांची. सोमलिंग म्हणे, डबा आपल्याला बुडवणार तर आपणच डबा भरू. यात चूक काय, ते माणिकप्पाला सांगता येत नव्हतं. म्हणून तो चवीवर बोलत असे.

गर्दी पांगायला लागली. स्वामींनी, देवाच्या मनात असेल तसं, म्हणून काढता पाय घेतला. पलीकडच्या गल्लीतला गुंडाप्पा, गावातला दुसरा घाणेवाला, एवढा वेळ श्वास धरून उभा होता. त्याने तो सोडला आणि आपल्या बैलाला पेंड टाकायला गेला. त्याचा चेहरा उजळलेला माणिकप्पाने पाहिला. दस्तगीर मिस्त्री तेवढा जागचा हलला नाही. काळजीचं कारण नाही, सगळं खोलून बघतो, दुपारपर्यंत सांगतो, असं म्हणून त्याने नट खोलायचे पाने बाहेर काढले.

आता एक गोष्ट इथंच सांगून टाकली पाहिजे, कारण माणिकप्पा ती कुणाला सांगणार नव्हता.

हे घराणं सोमवार पाळणारं. सोमवारी घाणा बंद. बैल म्हणजे बसवण्णाचं रूप, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही. पहाटे उठून माणिकप्पा हरण्या आणि मुंज्या या दोघांना धुई, शिंगं चोळी आणि वेळूच्या नळकांड्याने दोघांना मापभर करडीचं तेल पाजी. आठवडाभर आपल्यासाठी तेल काढणाऱ्याला एक दिवस तेल मिळालंच पाहिजे, हा बापाचा शब्द होता.

इंजिन आलं तेव्हा मिस्त्रीने ते एकदा चालवून दाखवलं होतं. झकास चाललं. पण त्याला जोडायचे लोखंडी घाणे लढाईमुळे अडकले, ते यायला पाच आठवडे गेले, आणि तेवढे दिवस इंजिन नुसतं शेडात उभं राहिलं. पहिल्या सोमवारी पहाटे माणिकप्पा बैलांचं आटोपून नळकांडं धुवायला निघाला आणि त्याची पावलं आपोआप शेडाकडे वळली. दिवसाउजेडी तिकडे फिरकायचं नाही, असा त्याचा पण होता. पहाटेचा काही पण नव्हता. आत ते एकटं उभं होतं. बाजारातून आणलेलं नवं जनावर पहिल्या रात्री जसं कोपऱ्यात अंग चोरून उभं राहतं, तसं त्याला वाटलं. नव्या जनावराला पहिल्या सोमवारी तेल पाजलं नाही तर ते दावणीला लागत नाही, दावं तोडून जुन्या मालकाकडे पळतं. हे घाण्यावरचं लहान पोरही सांगेल. माणिकप्पाने इकडेतिकडे पाहिलं आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या काचेच्या कुपीत, मग दिसेल त्या भोकात, मापभर तेल ओतलं. घोंगडी डोक्यावर घेऊन चोरासारखा परत आला. तिथून पुढे एकही सोमवार चुकला नाही. मधे कारहुणवीचा बैलांचा सण आला, तेव्हा त्याने दोन मापं दिली.

तेलाने इंजिनाचं काही बिघडलं असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. तेलाने आजवर कुणाचं बिघडलंय? त्याला लाज होती ती वेगळीच. ज्याला गावभर भूत म्हटलं, त्याला आपण चोरून पाजतो, हे कळलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

घराच्या पुढच्या सोप्यात, ओसरीवर, धोंडप्पा काका पानाला चुना लावत बसले होते. हे नळदुर्गचे चुलते. भाऊबंदांच्या वाटण्या करून देण्यात त्यांचा हातखंडा. लोक म्हणत, धोंडप्पा ज्या घरी जेवले त्या घरी महिन्यात दुसरी चूल पेटते. सोमलिंगने त्यांना मुहूर्ताला बोलावलं होतं की मुहूर्त फसला तर असावेत म्हणून बोलावलं होतं, हे माणिकप्पाला आता उमगत होतं. आत दाराआड लक्ष्मम्मा उभी होती. आजवर ती दिराच्या बाजूची. इंजिनासाठी तिने हातातले गोठ काढून दिले होते आणि नवऱ्याला महिनाभर धड जेवायला वाढलं नव्हतं. तिच्यामागे पदर ओढून सोमलिंगची बायको प्रेमाबाई.

काकांनी पान गालात सरकवलं आणि सुरुवात केली. चालतं इंजिन पाच आठवड्यांत आपोआप बसत नाही, असं ते म्हणाले. शेडाला साधी ताटी आहे, कुलूप नाही. बाहेरचा माणूस कशाला येईल? मग ते बराच वेळ घराण्याच्या अब्रूबद्दल बोलले. माणिकप्पा खाली मान घालून बोटं चोळत होता. सोमलिंग भिंतीला टेकून उभा होता, हात काळे, डोळे लाल.

"काका, फिरवून फिरवून कशाला," तो म्हणाला. "अण्णांना इंजिन नको होतं. सरळ सांगायचं. म्या मुकाट्यानं नेलं असतं. मुहूर्ताला गावापुढं हसं करायची काय गरज होती?"

"म्या काय केलं न्हाय," माणिकप्पा म्हणाला.

तेव्हा जे झालं ते या घरात कधी झालं नव्हतं. मोठ्या दिरासमोर जिने कधी तोंड उघडलं नव्हतं, ती प्रेमाबाई दाराआडून बोलली. शब्द साफ होते.

"अक्का, मी बघितलंय. सोमवारी पहाटं सडा टाकाय उठले व्हते. भावजी शेडातनं बाहेर आले. घोंगडीखाली कायतरी झाकलं व्हतं. एकदा न्हाय, दोनदा बघितलं."

काकांनी पिंक टाकायला बाहेर जाण्याचंही टाळलं. प्रेमाबाईचा राग करावा असं काही नव्हतं. सोलापुरात दोन खोल्यांत ती मालकीण होती, इथं दोन वर्षं तिच्या हाताला चूलसुद्धा पुरती मिळाली नव्हती. आणि तिने खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

"माणिका," काका म्हणाले, "गळ्यातल्या लिंगाला हात लाव आन् सांग, शेडात पाय टाकला न्हाय म्हणून. तेवढं सांगितलंस की मी उठतो."

माणिकप्पाचा हात छातीकडे गेला. उपरण्याखाली इष्टलिंगाची चांदीची डबी बोटांना लागली. बोटं चिकट होती. सकाळी कामाच्या धांदलीतही त्याने सवयीने जुन्या घाण्याच्या काठावरून हात फिरवला होता. आणि त्या चिकट बोटांनी त्याला एकदम शहाणं केलं. दरसाल दसऱ्याला घाण्याच्या काठावर वाळून बसलेलं तेल तो खुरप्याने खरवडून काढी. पिवळा, डिंकासारखा चिकटा. चाळीस वर्षं काढत होता. करडीचं तेल उघड्यावर राहिलं की वाळतं, धरून बसतं, हे त्याच्याइतकं ठाऊक असलेला दुसरा माणूस तालुक्यात नसेल. आपणच मारलं. ज्याने जगावं म्हणून पाजलं, त्याचाच गळा आपण धरला.

"गेलतो," तो म्हणाला.

"कशाला?" सोमलिंगने विचारलं.

कशाला, हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार होतं. माणिकप्पा गप्प राहिला, आणि गप्प राहणाऱ्याचा गुन्हा कबूल झाला, असं मानायची आपल्याकडे रीतच आहे. काकांनी मान डोलावली. सोमलिंगने दीर्घ श्वास घेतला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी हळू बोलला. म्हणाला, वाटणी-बिटणी काही नको, घर अण्णांचं, घाणा अण्णांचा. गाडी जुंपतो, आज दिवस मावळायच्या आत नाक्यापलीकडे जातो.

तो उंबऱ्याशी पोचला तेव्हा लक्ष्मम्मा बाहेर आली. डोईवरचा पदर तिने सारखा केला, पण थांबली नाही. सोमलिंगला हाताने अडवून ती नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "दर सोमवारी बैलांचं तेल मी मोजून काढती. दोन बैलांची दोन मापं. पाच सोमवार झाले, सकाळी घागरीत बघावं तर तीन मापं गेलेली. कारहुणवीला तर चार. मी इतके दिवस गप बसले. मला वाटलं, ह्या वयात माणसानं कुणाच्या दारात तेल पोचवायला सुरुवात केली का काय." काकांना ठसका लागला. ती तिकडे वळली नाही. "आपल्या दावणीला बैल दोन. हे तिसऱ्याचं तेल कुणी पिलं?"

माणिकप्पाने वर पाहिलं. तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई नेमकी जागा धरून बोट दाबायची, आणि आज तिने दाबलं त्याबद्दल त्याला तिचे पाय धरावेसे वाटले.

"त्यानंच पिलं," तो म्हणाला.

"कुणी?"

"तुमच्या इंजिनानं." आणि बांध फुटला. "म्याच पाजलं. नवं जनावर दारात आलं तर पहिल्या सोमवारी पाजायचं का न्हाय? भूत म्हणलो म्हणून काय उपाशी ठेवायचं? ते परक्या मुलखातनं आलेलं. मला वाटलं, ते हितल्या दावणीला लागलं..." तो अडखळला. "ते लागलं म्हंजी सोम्याबी लागंल. न्हायतर दोघंबी पळून जातील परत. पहिल्या बारीला तू गेलास तवा मी तुला काय दिलं न्हाय, काय विचारलं न्हाय. म्हणून ह्या बारीला..."

पंचावन्न वर्षांचा धिप्पाड मनुष्य उपरण्यात तोंड घालून रडला.

सोमलिंग उंबऱ्यावर तसाच उभा होता. कुणी काही बोलायच्या आत अंगणातून दस्तगीर मिस्त्री आला, कोपरापर्यंत काळा. त्याच्या एका बोटावर पिवळट, तार सुटणारा लगदा होता. त्याने तो हुंगला, जिभेच्या टोकाला लावला आणि सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"मालक, मोडलं कुछ बी न्हाय," तो म्हणाला. "जाम हुवा है. करडी हाय ही, अस्सल. ह्याचं तर रोगण करतात आमच्याकडं, लाकडाला लावायला. आता मला फकत एवढं सांगा, की इंजिनाला घाण्याचं तेल पाजणारा हा हकीम कोण?"

पहिल्यांदा हसली ती प्रेमाबाई. पदर तोंडात कोंबला तरी ते बाहेर आलंच. मग लक्ष्मम्मा. मग धोंडप्पा काकांसारखा गंभीर मनुष्य पान सांभाळत खदखदायला लागला, आणि दस्तगीरला कारण कळलं तसा तो खालीच बसला. त्याने चाळीस इंजिनं बसवली होती. कुठे देव्हाऱ्यातला अंगारा फुंकलेला पाहिला होता, कुठे चाकाखाली लिंबू निघालं होतं. सोमवारचा खुराक त्याने पहिल्यांदाच पाहिला. माणिकप्पाला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही झालं. मोडलं नव्हतं. त्याच्या कानात तेवढंच वाजत होतं, मोडलं नव्हतं.

सोमलिंग मात्र हसला नाही. तो आत आला, आणि भावापुढे उकिडवा बसला.

"अण्णा, गिरणीत आमच्या हातून एक चूक झाली तर मुकादम दिवस कापायचा," तो म्हणाला. "पाच वर्षांत त्या यंत्राला जीव हाय असं कुणी म्हणलं न्हाय. आमालाबी न्हाय."

एवढंच बोलला. मग उठून घासलेटचा डबा आणायला गेला.

पुढचे दोन तास घरातलं एकूण एक माणूस शेडात होतं. एकेक भाग घासलेटमध्ये बुडवून चिंधीने पुसायचा. दस्तगीर सांगत होता, लोखंडाला खनिज तेलच लागतं, ते वाळत नाही; आणि माणिकप्पा शाळेत बसल्यासारखा ऐकत होता. भूत अंगाखांद्याशी आल्यावर त्याची भीती गेली. घाण्याचा काठ खरवडायचं खुरपं त्याने स्वतः आणलं, आणि पिस्टनच्या खाचीतला चिकटा त्याच्याइतका सफाईने मिस्त्रीलाही काढता आला नाही. प्रेमाबाई चिंध्या देत होती. एकदा त्याच्या हातात चिंधी देताना ती हळूच म्हणाली, चुकलं. माणिकप्पा म्हणाला, डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं, त्यात चुकलं काय; आणि पुढची चिंधी मागितली. धोंडप्पा काकांना कुणी विचारीना, तेव्हा ते एकटेच जेवले आणि नळदुर्गची लॉरी गाठायला सडकेवर निघून गेले. दुसरी चूल काही पेटली नाही.

उन्हं कलायच्या आधी दस्तगीरने हँडल मारलं. एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि तिसऱ्यांदा धडधडून सुटलं. पट्टा सळसळला, लोखंडी घाणे गरगरायला लागले. पांगलेली गर्दी पुन्हा धावत आली. पहिली धार पडली तेव्हा सोमलिंगने वाटी भरून सगळ्यांत आधी भावाच्या हातात दिली. माणिकप्पाने बोट बुडवून चाखलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. त्याला तेल जरा कोमट लागलं, बाकी करडी ती करडी.

"चांगलं हाय," तो म्हणाला. खोटं बोलायचं कारणच उरलं नव्हतं.

गर्दीच्या कडेला त्याला गुंडाप्पा दिसला. सकाळचा उजळलेला चेहरा आता मावळला होता. त्याच्याकडे एकच बैल, एकच घाणा, आणि भाऊ कुणी नाही. तो काही न बोलता वळला. माणिकप्पाला त्या पाठमोऱ्या माणसाचं फार वाईट वाटलं. त्याने सोमलिंगच्या कानाशी लागून सांगितलं की गुंडाप्पाला उद्या बोलवायचं, करडीची पारख त्याच्यासारखी कुणाला नाही, यंत्राला ती येत नाही. सोमलिंगने मान डोलावली. उद्याचं उद्या होतं.

मग माणिकप्पा घरी आला. लक्ष्मम्माने गरम भाकरी वाढली, वर लोणी घातलं, आणि महिनाभराचा हिशेब एका ताटात फेडला. जेवून तो सोप्यात घोंगडीवर आडवा झाला. पलीकडे शेडात इंजिन धडधडत होतं. कोनाड्यातली समई थरथरत होती, भिंतीवरची धूळ झरत होती. शेजारणींनी कानात बोळे घातले. त्या धडधडाटात माणिकप्पाला दोन महिन्यांत पहिल्यांदा अशी गाढ झोप लागली की लक्ष्मम्माने दोनदा नाकापुढे बोट धरून पाहिलं.

तिनेच शेडात निरोप धाडला, जरा वेळ बंद करा, मनुष्य झोपलाय. सोमलिंगने पट्टा उतरवला. इंजिन मंद होत होत थांबलं. पेठेत शांतता झाली.

आणि माणिकप्पा ताडकन उठून बसला. घामाघूम झालेला. पायताणही न घालता तो अंगण ओलांडून शेडाच्या दारात आला. चाकाला हात लावून सोमलिंग उभा होता, जागच्या जागी.

"बंद का केलंस?" माणिकप्पाने विचारलं.

"तुमाला झोप लागलेली, अण्णा. म्हणून."

माणिकप्पाने दाराच्या खांबाला हात टेकला. छाती खालीवर होत होती. मग हळूहळू शांत झाली.

"चालू कर," तो म्हणाला. "आवाज असला की कळतंय, तू हायेस."